सोसायटीची बोट

आमच्या सोसायटीने बोट घेतली आहे. प्रताप नगरच्या उतारावर, नाल्याकाठच्या आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये ती दोन स्कूटरच्या जागा अडवून पडलेली असते आणि येणारे पाहुणे तिच्याकडे बघून हसतात. हसोत बापडे. मला तिच्याकडे बघवत नाही.

घेण्यामागचं कारण खोटं नव्हतं, हे आधीच सांगते. भाद्रपदात एका रात्री नाला फुगला आणि भिंत फोडून आमच्या तळमजल्यात शिरला. माझ्या सासूबाईंचं डावं अंग तीन वर्षांपूर्वी गेलं, त्यांना स्वतःहून कूसही बदलता येत नाही. मी आणि माझे यजमान मार्तंडराव, आम्ही दोघांनी त्यांना गादीसकट डायनिंग टेबलावर चढवलं. पाणी टेबलाच्या कडेला लागलं. जिना बाहेर, आणि बाहेर तर पाण्याला असली ओढ की पाय टेकेना. उजाडायच्या सुमारास एक पोरगा लाकडी नाव घेऊन दाराशी आला. त्याने सासूबाईंना उचललं, नावेत निजवलं आणि पलीकडच्या उंच रस्त्यावर नेऊन ठेवलं. मग तो वळून दुसऱ्या घरांकडे गेला. आम्ही रडत होतो, तो चिखलाने माखलेला होता. त्याचं नाव विचारायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही.

पाणी ओसरल्यावर मार्तंडरावांनी ठराव मांडला, की सोसायटीची स्वतःची बोट हवी. ते आमचे सेक्रेटरी. हयात सरकारी कचेरीत गेली. शिक्का उजवीकडे हवा होता तो डावीकडे पडला म्हणून म्हाताऱ्या पेन्शनरांना परत पाठवणारे हे गृहस्थ. त्यांनी बोट कुठून आणली, तर भैय्याजीकडून. भैय्याजी म्हणजे नंदनवनकडचा जुन्या सामानाचा व्यापारी, मंडपाच्या खुर्च्यांपासून बंद जनरेटरपर्यंत काहीही आणून देणारा. टेम्पोतून बोट उतरली तेव्हा तिचा निळा रंग माझ्या बोटाला लागला, इतका ओला होता. मी पावती मागितली.

"डोंग्याले कुठं कागद राहते, वहिनी?" भैय्याजी म्हणाला. "मोटारसायकल हाय का ते? ज्याच्या दारात, त्याचा. तुम्ही काहून टेन्शन घेऊन राहिले?"

मी म्हटलं, बाजारात बैल घेतला तरी पावती मिळते. मार्तंडराव माझ्यावरच उखडले, म्हणाले चांगल्या कामात खोडा घालायची तुला सवयच आहे. खरी गोष्ट ही, की भैय्याजीने बोट फार स्वस्तात दिली होती. आणि वस्तू स्वस्त मिळाली की आमच्या लोकांची नजर एकदम अधू होते.

दसऱ्याला लोकार्पण झालं. हो, लोकार्पण. पार्किंगमध्ये बोटीला झेंडूचं तोरण, पुढच्या टोकावर हळदकुंकू, नारळ फोडून झाला, भाषणं झाली, आलुबोंडे झाले. आणि चौकात फ्लेक्स लागला. वर कमिटीच्या सगळ्यांचे हसरे चेहरे, मधोमध मार्तंडराव हात जोडून, खाली आमची निळी बोट. चोरीचा माल घेणारा माणूस तो गोणपाटाखाली झाकतो. आमच्या मंडळींनी त्याचा फोटो चौकात टांगला, दिवसभर माणसं थांबून बघतील अशा जागी.

बघितलाच कुणीतरी. दिवाळी आठवड्यावर आली असताना एक बाई गेटवर उभी राहिली. साठीची असेल, हातात पिशवी, पायात रबरी चपला. शहराबाहेरच्या तलावाकाठी त्यांचं गाव. तिथला भाजीवाला आमच्या चौकात येतो, त्याने फ्लेक्स पाहून तिला सांगितलं होतं. नाव सिंधूताई. बोटीपाशी जाऊन तिने नुसता हात ठेवला आणि मला म्हणाली, "आमचा डोंगा व्हय हा, बाई. मायावाल्या मालकानं केलेला. पुरात माया पोरगा घेऊन आला होता इकडं."

तिला घरात आणलं, पाणी दिलं. हळूहळू सगळं कळलं. तिचा मुलगा प्रीतम. पुराच्या पहाटे तलावावरच्या पोरांना बोलावणं गेलं, त्यांना डोंग्यासकट टेम्पोत घालून इकडे आणलं. सकाळभर प्रीतमने माणसं काढली, त्यात टेबलावर गादीत निजलेल्या एक आजीही होत्या. दुपारी पाण्याखालच्या काचेने त्याची पोटरी फाटली आणि त्याला दवाखान्यात नेलं. डोंगा आमच्या इमारतीमागच्या मोकळ्या प्लॉटवर राहिला. टाके घेऊन तो परत आला तेव्हा प्लॉट रिकामा. अजून जखम भरत नव्हती, पाण्यात उतरायला डॉक्टरांनी मनाई केली होती. तलावात त्यांचा शिंगाडा तयार होऊन उभा होता. वर्षाची तीच कमाई, आणि डोंगा नाही म्हणून तो पाण्यातच काळा पडायला लागला होता.

सासूबाईंचा पलंग हॉलमध्येच असतो. त्या सगळं ऐकत होत्या. त्यांनी चांगल्या हाताने सिंधूताईला जवळ बोलावलं आणि तिचा हात धरून बसल्या. मी मनात म्हटलं, चला, प्रश्न मिटला. सिंधूताईची खणानारळाने ओटी भरू, टेम्पो बोलावू, बोट पाठवून देऊ. नवऱ्याबरोबर तीस वर्षं संसार करूनही मी इतकी बावळट कशी राहिले, देव जाणे.

शंका नको म्हणून वरच्या मजल्यावरच्या गौरांगने भैय्याजीला फोन लावला. हा गौरांग आमचा तरुण खजिनदार, मोठ्या कंपनीत आहे, प्रत्येक वाक्यात 'प्रोसेस' म्हणतो. भैय्याजी लाजलासुद्धा नाही. प्लॉटमध्ये पडून होता, कुणाचा दिसला नाही, उचलला, म्हणाला. म्हणजे आता कुणालाच कसला संशय उरला नव्हता. बोट कुणाची हे सगळ्यांना माहीत होतं. माहीत असून पुढचं झालं, म्हणून तर शिसारी येते.

रविवारी आमच्याच हॉलमध्ये कमिटी बसली. सिंधूताईला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. खुर्ची दिली तरी ती पलंगापाशी खाली बसली. मार्तंडराव भलतेच खुशीत होते. त्यांनी पिशवीतून टाइप केलेला स्टॅम्पपेपर काढला.

"कागद नाही, कागद नाही म्हणून सगळे माझ्या मागे लागले होते," ते म्हणाले. "आता मूळ मालकीणच सापडल्या. ताई, इथे सही करा. म्हणजे व्यवहार कायदेशीर होईल."

कागदावर लिहिलं होतं, की सिंधूताईने ही नाव स्वखुशीने सोसायटीला विकली आणि तिचा नावेवर काही हक्क उरला नाही. बदल्यात दिवाळीचं पाकीट आणि एक साडी. साडी मला ओळखू आली, माझ्याच कपाटातली होती, कुणीतरी मुंजीत दिलेली. ज्यांचं लुटलं त्यांच्याच हाताने लुटीची पावती लिहून घ्यायची, हे डोकं फक्त कचेरीत झिजलेल्या माणसाला सुचतं. आणि बाकीची कमिटी कौतुकाने माना हलवत होती.

सिंधूताईने हात जोडले. "मले पैसे नको, साहेब. शिंगाडा निघेपावतर द्या. मंग ठेवजा तुमी."

"आणि तेवढ्यात पूर आला तर?" मार्तंडरावांनी विचारलं. आश्विन संपत आलेला, बाहेर कडक ऊन. कुणालाही हसू आलं नाही. ते पुढे म्हणाले, "माझी आई अशी पडून आहे. तिच्यासाठीच आहे हो ही बोट."

मग गौरांगने अतिशय मऊ आवाजात प्रोसेस समजावली. तक्रार करायची तर खुशाल करा, म्हणाला, पण मालकीचा कागद तुमच्याकडे तरी कुठे आहे? वर तारखा पडतील आणि शिंगाडा तारखांसाठी थांबणार नाही. पाकिटात निदान भाड्याचा डोंगा तरी मिळेल. तो बोलत असताना सिंधूताई जमिनीकडे बघत होती. मार्तंडरावांनी शाईचा पॅड पुढे सरकवला. तिने तो बाजूला केला, पेन मागितलं आणि सावकाश पूर्ण नाव लिहिलं.

साक्षीदार म्हणून कागद माझ्यापुढे आला. तू बँकेत आहेस, तुझ्या सहीला वजन आहे, असं मार्तंडराव म्हणाले.

"मी करणार नाही," मी म्हटलं. "ही चोरी आहे. आधी तुम्हाला ठाऊक नव्हतं, आता ठाऊक असून करताय. मला तुमची किळस येते."

इतक्या लोकांसमोर मी नवऱ्याला असं कधी बोलले नव्हते. तेवढ्यात गौरांगने कागद गुडघ्यावर घेऊन सही ठोकली आणि कुणीतरी चहाचं विचारलं. सिंधूताई चहाला थांबली नाही. पाकीट घेतलं, साडी तिथेच राहिली. मी गेटपर्यंत गेले. डोळ्यांना पदर लावला, तर तीच मला म्हणाली, "तुमी नका रडू, बाई."

मी परत आले तेव्हा मंडळी पांगली होती. मार्तंडराव पलंगाच्या कडेवर बसून आईला कागद दाखवत होते. आता काळजी नाही, बोट कायद्याने आपली झाली, पुन्हा पाणी आलं तरी घाबरायचं नाही, असं चाललं होतं.

सासूबाईंचं बोलणं जड येतं, एकेक शब्द ओढून आणावा लागतो. त्यांनी तो आणला.

"चालवणार कोण?"

इतक्या सभा झाल्या, नारळ फुटला, फ्लेक्स लागला, आणि हे कुणाच्याही मनात आलं नव्हतं.

"त्या पोराची नाव तू घेतलीस," सासूबाई म्हणाल्या. "आता तो येईल कशात बसून?"

मार्तंडरावांनी कागदाची घडी केली, ती प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातली आणि स्टुलावर चढून माळ्यावर ठेवली. गेल्या वेळी पाणी तिथवर पोचलं नव्हतं.