वामनरावांच्या मांडीतलं लाकूड

तुरीच्या भाऱ्यांनी भरलेल्या ट्रॉलीवरून वामनराव घसरले, ते थेट फणकटात पडले. तूर सोंगल्यावर रानात जे खुंट उरतात, त्यांची टोकं विळ्याच्या तिरप्या घावानं भाल्यासारखी झालेली असतात. तसलं एक टोक त्यांच्या उजव्या मांडीत, पार वर जांघेपाशी शिरलं. वामनरावांनी दातांवर दात दाबून ते आपल्या हातानं उपसलं, वरून दुपट्टा आवळला आणि पिंपळगाव राजा या आपल्या गावी घरी येऊन बायकोला, तानुबाईला, म्हणाले, "काही नाही व, काटा गेला."

जखम रुपयाएवढी. गावातल्या डॉक्टरांनी धुतली, टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. ती भरूनही आली.

जखम भरली आणि दुखणं मात्र वाढत गेलं. तानुबाईला हे काही उमगेना. खामगावला एक्स-रे काढला, तर तो स्वच्छ. आत काहीच नाही, असं तिथल्या डॉक्टरनं सांगितलं. आत काही नाही, तर हा माणूस कूस बदलताना कण्हतो कशाला? हरभरा सोंगायला आला म्हणून तर हे लोळून राहिले नाहीत ना, असंही तिच्या मनात येऊन गेलं. मग मांडी तापली, सुजली, अंगात ताप भरला आणि तिला आपल्याच विचाराची लाज वाटली.

धाकटा दीर अर्जुनराव दोघांना खामगावातच डॉक्टर जयमालांच्या दवाखान्यात घेऊन गेला. या सर्जन. त्यांनी मांडी दाबून पाहिली, सोनोग्राफी केली.

"लाकूड एक्स-रेत दिसत नाही, मावशी," त्या म्हणाल्या. "लोखंड दिसतं. लाकूड आत राहिलं तर असंच फसवतं."

ऑपरेशन झालं. बोटाच्या पेराएवढा काळपट तुकडा त्यांनी तानुबाईला दाखवला. दवाखान्यापायी म्हैस विकावी लागली, पण तानुबाईनं मनाला लावून घेतलं नाही. नवरा उठून बसला होता.

पुढच्या महिन्यात जुन्या व्रणातून पू आला.

डॉक्टर जयमालांनी अकोल्याहून एमआरआय करून आणायला लावला. तो त्यांनी बराच वेळ पाहिला. मग खुर्ची तानुबाईजवळ ओढली.

"आत अजून एक तुकडा आहे, मावशी. मोठ्या रक्तवाहिनीला चिकटून बसलाय. पहिल्या वेळी मला वाटलं, सगळं निघालं. ते माझं चुकलं. तुम्हाला अकोल्याला जायचं असेल तर मी चिठ्ठी देते. इथे करायचं असेल तर माझी फी घेणार नाही."

चुकलं म्हणणारा डॉक्टर तानुबाईनं जन्मात पाहिला नव्हता. अशा माणसावर भरवसा ठेवायचा की उठून चालू पडायचं?

बाहेर आल्याबरोबर अर्जुनराव म्हणाला, "वहिनी, फी सोडून राह्यली म्हंजे चूक कबूल झाली. आता तिच्या हाती भाऊले देऊ नका. अकोल्याले जाऊ, अन् हिची तक्रार करू."

"अकोल्याचा डॉक्टर चुकत नाही काय?"

"मोठा असते तो."

"एक्स-रेवालाबी मोठाच होता."

तिनं दवाखान्यातल्या खाटेवरच्या वामनरावांना विचारलं, "तुमाले काय वाटते?"

"मले काही समजून नाही राह्यलं," ते तापात बोलले. "तुले वाटन तसं कर."

तिलाही काही वाटत नव्हतं, हीच अडचण होती. ती परत आत गेली.

"आता काही राहणार नाही, अशी खात्री देता काय?"

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "खात्री कोणी दिली तर विश्वास ठेवू नका. तिथूनच गुडघ्याला बळ देणारी एक शीर जाते, तिला धक्का लागला तर पाय अधू होऊ शकतो. या वेळी अकोल्याचे रक्तवाहिन्यांचे सर्जन सोबत बोलावते. त्यांना मात्र पैसे द्यावे लागतील."

"मंग इथंच करा," तानुबाई म्हणाली. असं का म्हणाली, ते तिला अर्जुनरावालाही समजावता आलं नाही. खोटं बोलायचं असतं तर बाई आत्ताच बोलली असती, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

तुकडा निघाला. पहिल्याहून लांब, साल तशीच. ताप उतरला, व्रण कोरडा झाला. पण गुडघा दगा देऊ लागला. वामनराव काठी घेऊन सपाटीवर चालत, ओट्याची पायरी चढताना मात्र पाय मुडपायचा. आजवर वामनराव स्वतः चालवत त्या ट्रॅक्टरवर पगारी ड्रायव्हर आला. अर्जुनराव तक्रारीचं रोज काढी.

उन्हाळ्यात दोघं दाखवायला गेली. आज स्पष्ट बोलायचंच, असं ठरवून तानुबाई आत शिरली आणि गुडघ्याचे व्यायाम विचारून बाहेर आली. गुडघा सुधारेल, पण पूर्वीसारखा होईल असं सांगत नाही, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या.

परतीच्या एसटीत वामनरावांनी विचारलं, "बोलली काय तिले?"

"नाही."

"काऊन?"

"काय बोलू, तेच ठरत नाही. वाटते शिव्या द्याव्या, अन् वाटते पाया पडावं. दोन्ही एकाच बाईले कसं करू?"

"मलेबी तसंच होते," वामनराव म्हणाले.

पिंपळगाव आलं. तानुबाई आधी उतरली आणि त्यांचा पाय दोन्ही हातांनी धरून तिनं खालच्या पायरीवर टेकवला.