ते म्हणून राहिले

गोवर्धनने शेषरावांच्या डाव्या अंगठ्याखाली पितळेची पातळ पट्टी सरकवली आणि तार बॅटरीला जोडली. अंगठा जेमतेम हलला, तरी खाटेच्या पायाला बांधलेली घंटी खणकन वाजली. समोर बसलेल्या रामरावांच्या हातातला विडा तोंडापाशीच राहिला.

"मामाच्या डोक्यातलं बोलनं शाबूत हाये," गोवर्धन म्हणाला. त्याचं अकोल्याला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि स्वतःवरचा भरवसा दुकानाहून मोठा. "डोक्यापासून तोंडापर्यंतची तार तेवढी तुटली. आज अंगठ्यातून काढू. पुढं असं यंत्र येईन, का मानसानं मनात आनलं का कागदावर उमटलं."

"तवाचं तवा पाहू," रामराव म्हणाले. "आज मले एकच पाह्यजे."

ते एक काय, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आठ महिन्यांपूर्वी शेषरावांना लकवा झाला आणि वाचा गेली. तेव्हापासून त्यांच्या मनातलं फक्त त्यांच्या बायकोला, दुर्गाबाईला कळत असे. त्यांच्या डोळ्यांत बघून ती सांगायची, "ते म्हणून राहिले, औंदा खालच्या वावरात कपाशी नको." आणि तसंच होई. चोवीस वर्षं जिला या घरात कोणी काडीचं विचारलं नव्हतं, तिच्या तोंडून आता रोज हुकूम निघत होते. जूनमध्ये ती मुलीबद्दल म्हणाली, "ते म्हणून राहिले, जमुनाले अमरावतीले धाडा, मास्तरीन होऊ द्या." बार्शीटाकळीचं ठरत आलेलं स्थळ मोडलं. ते शेषरावांच्या थोरल्या भावाने, रामरावांनी आणलेलं होतं, आणि त्यांना ते अजून सलत होतं.

साठ सालच्या दिवाळीच्या सुटीत घरी आलेली जमुना आता अक्षरांची फळी धरून उभी होती. दुर्गाबाई थोरल्या दिरांसमोर पदर ओढून दाराआड थांबली होती.

"हो असंन तं एक घंटी, नाही असंन तं दोन," गोवर्धनने मामाला सांगितलं.

रामराव खाटेवर वाकले. "शेषराव, पोरीले अमरावतीले धाडा, हे तू म्हनला होता?"

घंटी वाजली. थोड्या वेळाने पुन्हा वाजली.

दाराआड दुर्गाबाईने चौकट धरली.

"मले वाटतच होतं," रामराव म्हणाले. "उद्याच बार्शीटाकळीले निरोप धाडतो."

पण घंटी थांबेना. शेषरावांची नजर फळीवर होती. जमुनाने फळी भिंतीला टेकवली आणि अक्षरांवरून काडी फिरवू लागली. घंटी वाजली की ती थांबे. द. मग उकार. र. ग. काना. इथे तिचा हात अडला. हे नाव बाबांकडून तिने कधी ऐकलं नव्हतं. आईला ते 'अवं' म्हणत, आणि रागात असले की तेही नाही.

"कावून थांबली? चालू दे," रामराव म्हणाले.

उरलेली अक्षरं यायला पाव तास गेला. मग तिने सगळं एकत्र वाचलं.

"दुर्गाले इचारा."

रामरावांनी भावाकडे पाहिलं. अंगठा पट्टीवर शांत पडला होता. सांगायचं ते सांगून झालं होतं.

रामरावांनी हातातला विडा खाली ठेवला. मग दाराकडे वळले. भावजयीला त्यांनी असं सरळ कधी काही विचारलं नव्हतं.

"मंग? काय करायचं पोरीचं?"

दुर्गाबाई बाहेर आली. सवयीने तिने आधी नवऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं. "ते म्हणून..." एवढं बोलून ती थांबली. पदर तिने मागे सारला.

"जमुना सोमवारच्या गाडीनं अमरावतीले जाईन," ती म्हणाली. "हे मी म्हणून राहिली."

गोवर्धनने बॅटरीची तार सोडायला हात पुढे केला. त्याआधी एक घंटी वाजली.