गाडीचे नाव, माझी घरघर

मित्रांनो, मी एक जुनी बेअरिंग आहे. ऐकून तोंड वाकडे करू नका. रस्त्यावरून गाडी गेली की तुम्ही तिचा रंग बघता, काचा बघता, फार तर नाकावरचे नाव वाचता. मी चाकाच्या पोटात असते, त्यामुळे माझ्याकडे कोणी बघत नाही. एकात एक बसवलेल्या दोन पोलादी कड्या आणि त्यांच्या मध्ये गोल गोल छर्रे, एवढाच माझा संसार. पण चाक सुखाने फिरते ते माझ्यामुळे.

माझा जन्म स्वीडनमधला. कारखान्यात मला भट्टीत तापवले, तेलात बुडवले आणि अंग असे घासले की त्यावर बोटसुद्धा ठरू नये. शेवटी एका तपासनीस बाईंनी मला बोटात घालून फिरवले, कानाशी नेले आणि मान डोलावली. "हिचा आवाज नाही," त्या म्हणाल्या. मित्रांनो, आमच्यात याहून मोठे कौतुक नसते. बेअरिंगने आयुष्यभर फिरावे आणि कोणाला कळूही नये, ही आमची शिस्त. ते वाक्य मी जपून ठेवले.

पुढे मी एका लांबट, निळ्या व्होल्वो गाडीच्या पुढच्या चाकात बसले. व्होल्वो म्हटले की तुमच्यापैकी कित्येकांना लांबच्या गावाला जाणारी बस आठवेल. मी सांगते आहे ती घरगुती मोटार. तिचे मालक पियानो सुरात लावून देत. सगळे त्यांना पियानोवाले म्हणत. मागे हत्यारांची पेटी, लोकरी कापडाचे तुकडे, तारांची वेटोळी, आणि शेजारच्या सीटवर त्यांची पत्नी. बरोबर माझ्या चाकावर तिचे पाय येत. गिऱ्हाइकांचे फोन तीच घेई, कुठे कधी जायचे ते तीच लक्षात ठेवी, आणि पियानोवाले तारा पिळत बसले की घरच्या बाईंबरोबर चहा पीत सगळ्या घराची विचारपूस करून येई. दोघांचे छान चालले होते.

पियानोवाल्यांना एकच खोड होती. गाडीच्या नावाचा अर्थ कोणी विचारो न विचारो, ते सांगत. एकदा कोपऱ्यावरच्या दुकानदाराने गाडीच्या नाकावर बोट ठेवले.

"हे मालकाचं आडनाव असणार. तिकडे सगळे स्वतःचंच नाव लावतात."

"आडनाव नाही हो," पियानोवाले खुलले. "गाडी स्वीडनची, पण शब्द लॅटिन. रोमच्या लोकांची जुनी भाषा. व्होल्वो म्हणजे मी फिरतो, मी गडगडत जातो."

"मी म्हणजे कोण?"

"कोण म्हणजे? ही गाडी."

हे ऐकले की माझ्या अंगाचा तिळपापड होई. मित्रांनो, खरी हकीगत अशी आहे. शंभर वर्षांपूर्वी स्वीडनमधल्या एका बेअरिंगच्या कंपनीने हे नाव आपल्या मालासाठी नोंदवून ठेवले होते. मी फिरते, हे बेअरिंगचेच नाव, आमच्या वाडवडिलांसाठी काढलेले. पण ते फारसे वापरलेच गेले नाही आणि तसेच पडून राहिले. मग त्याच कंपनीच्या आधाराने मोटारी बनवायचे ठरले, तेव्हा हे तयार नाव मोटारीला देऊन टाकले. म्हणजे बारसे आमचे ठरले आणि पाळण्यात घातली गाडी. माझ्या अंगावर तर दुसरेच काहीतरी कोरलेले आहे. तरी मी मनात ते नाव लावत असे आणि मुकाट्याने फिरत असे.

वर्षे गेली. एका पावसाळ्यात गाडी चाकभर पाण्यातून गेली. माझ्यातले ग्रीस पातळ झाले, थोडे वाहून गेले. गॅरेजमध्ये गाडी दर वर्षी जाई, तिचे तेल बदलले जाई, अंग चकाचक होई. माझी मात्र कोणी चौकशी केली नाही. छर्रे कोरडे पडले, एकावर ओरखडा उठला, आणि ज्याची मला आयुष्यभर लाज होती तेच झाले. माझा आवाज येऊ लागला. आधी नुसती गुणगुण. मग घरघर.

पियानोवाल्यांनी ती पहिल्याच दिवशी ऐकली. "माझं दुकान म्हणजे हे दोन कान," असे ते नेहमी म्हणत, आणि ते खोटे नव्हते. त्यांनी गाडी हळू केली, आवाज गेला. वेग वाढवला, आवाज आला. त्यांनी पत्नीकडे वळून विचारले, "काही घरघर ऐकू येते का गं?"

"छे, कुठे काय," ती म्हणाली.

झाले. पत्नीच्या शब्दाबाहेर ते कधी गेले नव्हते. तिच्या पायाखाली आवाज असता तर तिला ऐकू आला नसता का? म्हणजे तो बाहेर नाहीच, आपल्याच कानात आहे, असे त्यांनी ठरवून टाकले. त्यात भर पडली ती पत्त्यांची. ती सांगे त्या घरी ते पेटी घेऊन जात, आणि तिथे पियानोच नसे. एका घरी तर दार उघडणारे आजोबा म्हणाले, "आमच्याकडे शिट्टीसुद्धा नाही हो." गाडीत परत येऊन ते गप्प बसत. तिने बरोबरच सांगितले असणार, आपणच चुकीचे ऐकले, अशी त्यांची समजूत.

हळूहळू त्यांचा स्वतःवरचा विश्वास उडाला. लावलेली तार ते पुन्हा पुन्हा लावून बघत. एका संगीतशाळेच्या बाईंनी विचारले, "यंदा इतका वेळ का लागतोय?" तेव्हा त्यांनी हवेला दोष दिला. एकदा पत्नी दुकानात गेलेली असताना त्यांनी गाडीतच नादकाटा गुडघ्यावर आपटला, आधी एका कानाशी धरला, मग दुसऱ्या. आणि स्वतःशीच म्हणाले, "बहिरा होत चाललास बाबा. आता लोकांची वाद्यं बिघडवू नकोस." कुणाचे वाद्य बिघडवण्यापेक्षा धंदा बंद करायचा, हत्यारे आणि गाडी विकून टाकायची, असे त्यांनी मनाशी पक्के केले. पत्नीला फक्त एवढेच सांगितले की आता दगदग सोसवत नाही.

मित्रांनो, मला फार वाईट वाटले. अपराधी मी, आणि शिक्षा त्यांच्या कानांना. मला बोलता येत नाही. मला येते ती एकच गोष्ट, ती म्हणजे फिरणे. मग लाजलज्जा सोडून मी मोठ्याने घरघरू लागले. पण मी जितकी ओरडे तितकी पियानोवाल्यांची खात्री पटे की दुखणे वाढत चालले आहे.

गाडी विकायला काढायच्या आधी त्यांची लेक चार दिवस राहायला आली. दोघे तिला आणायला स्टेशनवर गेले. ती मागे तारांच्या वेटोळ्यांत जागा करून बसली. गाडीने वेग घेतला आणि मी सुरू झाले.

"बाबा, ही घरघर कसली?"

पियानोवाल्यांनी गाडी बाजूला घेऊन थांबवली. त्यांचे हात स्टिअरिंगवर तसेच राहिले.

"तुला ऐकू येते?"

"म्हणजे काय? बहिऱ्यालासुद्धा ऐकू येईल."

तेव्हा पुढच्या सीटवरून पत्नी मागे वळली. "काय म्हणाली ती?"

मग पियानोवाल्यांनी तिच्याकडे असे पाहिले, जणू तिला बऱ्याच दिवसांनी पाहत होते. फोनवर ती प्रत्येकाला "हो ना, हो ना" का म्हणते, घरात बोलताना आपल्या तोंडाकडे टक लावून का बघते, बिनपियानोची घरे तिला कुठून सापडतात, हे सगळे त्यांच्या एकदम ध्यानात आले. तिला स्वतःलाही त्याचा पत्ता नव्हता. जग जरा हळू बोलायला लागले आहे, एवढेच तिला वाटत होते.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये चाक उतरवून मला बाहेर काढले आणि माझ्या जागी नवी बसवली. मेकॅनिकने मला रॉकेलमध्ये धुतले आणि भंगाराच्या डब्याकडे हात नेला.

"अहो, ती मला द्या," पियानोवाले म्हणाले, आणि मला रुमालात गुंडाळून खिशात टाकले.

पत्नीला कानाचे यंत्र मिळाले त्या दिवशी लेकीने चहा केला. पियानोवाल्यांनी रुमाल सोडला, मला बोटात घातले, तिच्या कानाशी नेले आणि बाहेरची कडी जोरात फिरवली. मी होते नव्हते तेवढे सगळे बळ लावून घरघरले. तिने मान तिरकी करून ऐकले. मग तिचे डोळे भरून आले.

"ही रोज माझ्या पायाखाली होती?"

"रोज."

"आणि तुम्ही एकटेच ऐकत होतात. एवढा घोर लागला होता, तर पुन्हा विचारायचं नाही का मला?"

"तू नाही म्हणालीस ना. मग विषयच संपला."

"वेडे आहात अगदी," ती म्हणाली आणि हसता हसता तिने डोळे पुसले.

निळी गाडी अजून त्यांच्याकडेच आहे. दोघे तसेच गावभर पियानो लावत हिंडतात, आणि आता बरोबर पियानो असलेल्या घरीच पोहोचतात. दुकानदाराला मात्र त्या नावाची हकीगत पुन्हा ऐकावी लागली, या वेळी बेअरिंगसकट.

मी फोनशेजारच्या फळीवर असते. तुम्हाला एवढेच सांगेन की तुमची सायकल, शिवणयंत्र, घरचा पंखा कुरकुरायला लागला तर रेडिओ मोठा करू नका. वेळेवर तेल द्या. आणि आपले माणूस "छे, कुठे काय" म्हणाले तर जवळ जाऊन पुन्हा एकदा विचारा.

मला मात्र तेल नको. परवा पियानोवाले बाटली घेऊन आले होते. पत्नीने त्यांचा हात धरला. "राहू द्या. तिचा आवाज जाईल." कारण रोज सकाळी ती यंत्र कानाला लावते, मग मला बोटात घालते आणि यंत्र नीट चालते का ते बघण्यासाठी एक फेरा देते. ती ऐकते, आणि मी फिरते.