डाळमिलच्या गोदामातली फियाट

उदगीरहून लातूरला पोचेपर्यंत शिवकांताबाईंचे दोन्ही खांदे भरून आले होते. फियाटचं स्टिअरिंग जड, वर चैत्रातलं ऊन, आणि शेजारी बसलेले चन्नबसप्पा सारखे विचारत होते, कुठं चाललोय आपण. लातूरला, सिनेमा बघायला, असं त्या सांगत. ते मान हलवत आणि थोड्या वेळानं पुन्हा विचारत. नळेगावच्या पुढं त्यांनी उत्तर देणं सोडून दिलं.

चन्नबसप्पांची उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, अडत होती. ही फियाट त्यांनी तरुणपणी हौसेनं घेतली आणि निलंग्याचे, बिदरचे सगळे बाजार हिच्यातूनच केले. पुढं त्यांना विसर पडायला लागला. एकदा बिदरला निघालेले ते भलत्याच रस्त्याला, एका शेताच्या बांधाशी गाडी लावून बसलेले सापडले. त्या दिवसापासून किल्ली शिवकांताबाईंकडं आली. शाळेतून निवृत्त झाल्यावर, गुडघे दुखत असताना, त्या गाडी चालवायला शिकल्या. कारण संध्याकाळी गाडीतून एक चक्कर झाल्याशिवाय चन्नबसप्पा जेवायला बसत नसत.

लातूरचे टायरवाले दयानंद यांना जुन्या गाड्यांचा नाद. त्यांनी एका बंद डाळमिलचं गोदाम भाड्यानं घेतलं होतं. आसपासच्या जुन्या गाडीवाल्यांना तिथं जमवायचं, गाड्या रांगेनं आत लावायच्या आणि ज्यानं त्यानं आपापल्या गाडीत बसून भिंतीवरचा सिनेमा बघायचा, असा त्यांचा बेत होता. ही फियाट त्यांनी उदगीरात पाहिली होती आणि विकायची असेल तर सांगा, असंही म्हणून ठेवलं होतं. शिवकांताबाईंनी तेव्हा नको म्हटलं होतं.

गोदामात शिरताच डोळ्यांपुढं अंधार आला. खिडक्यांना काळी ताडपत्री ठोकली होती. अँबेसिडर, जीपा, दोन राजदूत, एक लँब्रेटा, सगळ्या पुसून चकचकीत केलेल्या. माणसं बॉनेट उघडून एकमेकांना इंजिनं दाखवत होती. दोघंतिघं फियाटपाशीही आले. काका, कितीचं मॉडेल, कार्बोरेटर कुठून आणलं, असं विचारू लागले. चन्नबसप्पा नुसतं हसत राहिले. उत्तरं शिवकांताबाईंनी दिली. ती त्यांना पाठ झाली होती.

सिनेमा लागण्याआधी दयानंदांनी सांगितलं की इंजिन बंद करून किल्ल्या काढून ठेवा, धूर कोंडेल. शिवकांताबाईंनी इंजिन बंद केलं. तेवढ्यात चन्नबसप्पा दार उघडून खाली उतरले, गाडीला वळसा घालून त्यांच्या बाजूला आले आणि दारापाशी उभे राहिले.

‘‘सरक,’’ ते म्हणाले. ‘‘दमलीस तू. मी चालवतो.’’

हे त्यांनी कितीतरी दिवसांत म्हटलं नव्हतं. बंदच गाडी आहे, बसू दे, असं म्हणून त्या डावीकडं सरकल्या. किल्ली काढायची राहून गेली.

भिंतीवर घाटाचा रस्ता आला, पाऊस आला, ट्रक चालवणारा नायक आला. चन्नबसप्पांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. त्यांची नजर रस्त्यावर खिळली होती, अगदी पूर्वीसारखी.

‘‘मलगू,’’ ते घरातल्या कन्नडात म्हणाले. ‘‘झोप जरा. निलंगा आलं की उठवतो.’’

शिवकांताबाईंनी मान मागं टाकली. रात्री ते दाराची कडी काढून बाहेर पडतील म्हणून त्यांची झोप कधीच पुरी होत नसे. आता शेजारी कुणीतरी गाडी चालवत होतं. त्या झोपल्या.

जाग आली ती धक्क्यानं. इंजिन सुरू होतं आणि गाडी पुढच्या जीपला जाऊन टेकली होती. दोन गाड्यांच्या मधून चहाचे कप घेऊन निघालेला एक माणूस जेमतेम बाजूला झाला होता. कप फरशीवर फुटले. बाई वाकल्या आणि त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं.

दिवे लागले. जीप लोह्याच्या लक्ष्मणरावांची होती. ते तावातावानं आले, पण स्टिअरिंग धरून भिंतीकडं बघणाऱ्या माणसाला पाहून थबकले. बाईंनी घडलं ते सांगितलं. माफी मागितली, पुन्हा मागितली.

‘‘रस्ता निसरडा हाय,’’ चन्नबसप्पा लक्ष्मणरावांना म्हणाले. ‘‘ब्रेक लागंना.’’

लक्ष्मणरावांनी क्षणभर बाईंकडं पाहिलं. मग ते खिडकीशी वाकून म्हणाले, ‘‘हाव काका, लई निसरडा हाय. पाऊस उघडूस्तर थांबू आपण. चला, चहा घेऊ.’’

चन्नबसप्पा निमूट उतरले. लक्ष्मणराव त्यांचा हात धरून चहाकडं घेऊन गेले. त्यांच्या जीपचा मागचा पत्रा चेपला होता. त्याचं पुढं कुणी नावही काढलं नाही.

दयानंद फुटके कप गोळा करत होते. शिवकांताबाई त्यांच्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

‘‘गाडी इथंच ठेवा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘व्यवहाराचं नंतर बोलू.’’

दयानंद म्हणाले, काकू, आज घाबरलात म्हणून असं नका ठरवू, घरी जाऊन विचार करा. बाई म्हणाल्या, ‘‘घाबरले न्हाई मी. दमलेय. तो माणूस सापडला असता मधे, तर?’’ बाईंनी पाण्याची बाटली, औषधांची पिशवी आणि सीटवरची उशी काढून घेतली. दार लावताना ते नेहमीसारखं अडलं. त्यांनी ते जरा उचलून लावलं.

दयानंदांनी दोघांना बसस्टँडवर सोडलं तेव्हा ऊन उतरलं होतं. उदगीरच्या एसटीत मागची जागा मिळाली. गाडी कुठंय असं ते विचारतील, म्हणून शिवकांताबाईंनी मनात उत्तरं तयार ठेवली होती. दुरुस्तीला दिलीय. दयानंद आणून देणार आहेत. उद्या येईल. पण चन्नबसप्पा खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांनी विचारलंच नाही. नळेगाव गेलं तरी नाही. कशानं कोण जाणे, बाईंना त्याचंच रडू आलं, आणि त्यांनी डोळे पदरानं टिपले.

उदगीरला उतरल्यावर चन्नबसप्पा पुढं झाले. न चुकता मोंढ्याच्या कोपऱ्यावर वळले आणि घराच्या गल्लीत शिरले. बाटली, पिशवी आणि उशी सांभाळत शिवकांताबाई त्यांच्या मागून सावकाश चालत राहिल्या.