निकोलाच्या दिवशी मुलाखत

"साहेब घरी गेलेत. त्यांच्याकडे आज स्लावा आहे," पहारेकरी काचेमागून म्हणाला. विटोमिर माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मीच साहेबाला घरी पाठवलं होतं.

एकोणीस डिसेंबर, संत निकोलाचा दिवस. अर्ध्या सर्बियाच्या घरी त्या दिवशी स्लावा, म्हणजे कुळाच्या संताचा सण, असतो आणि उरलेला अर्धा देश त्यांच्याकडे जेवायला गेलेला असतो. अशा दिवशी मुलाखत ठेवायची म्हणजे कंपनीचे मालक परदेशीच असणार. पण पत्रावर सही आमच्याच देशातल्या इंजिनियरची, या साहेबाचीच होती. स्वतःच्या घरचा स्लावा विसरून पठ्ठ्याने तारीख देऊन टाकली होती. आम्हा दोघा शहाण्यांनाही ती वाचून काही खटकलं नाही. उलट विटोमिर खूश झाला होता. झायेचारहून बेलग्रेडला एकदाच यायचं, रात्री माझ्याकडे मुक्काम, सकाळी अकराला मुलाखत आणि अडीचच्या बसने थोरल्या भावाच्या गावी स्लावाला.

विटोमिर आणि मी सैन्यात एका खोलीत राहिलो, त्याला सदतीस वर्षं झाली. मी इथे ट्राम चालवून निवृत्त झालो, तो तिकडे लिफ्ट दुरुस्त करत राहिला. त्याची कंपनी बंद पडून चौदा महिने झाले होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी दारं ठोठावत फिरणं काय असतं, ते त्याच्या इस्त्री केलेल्या जुन्या कोटावरून मला दिसत होतं. बायको शिवणकाम करून घर रेटत होती.

भावाचं दुखणं त्याहून जुनं होतं. सहा वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा विटोमिर निघायच्या तयारीत असतानाच कुठेतरी लिफ्ट अडकल्याचा फोन आला. आत एक म्हातारी होती. तिला बाहेर काढेपर्यंत याची बस गेली आणि हा गावी पोचला तेव्हा आईवर माती पडली होती. ल्युबिसावने, म्हणजे थोरल्याने, चारचौघांत सुनावलं की तुला परकी माणसं आईपेक्षा जवळची. तेव्हापासून बोलणं बंद. दोघेही एका आईचेच, मान वाकवणार कोण?

आमच्याकडे स्लावाचं बोलावणं कुणी कुणाला करत नाही. ज्याला यायचं तो येतो आणि जो येत नाही तो वर्षभर लक्षात राहतो. विटोमिर सहा वर्षं गेला नव्हता. यंदा मुलाखतीचं निमित्त होतं, म्हणून जमलं होतं. "शहरात आलोच होतो, म्हटलं डोकावून जावं," हे वाक्य त्याने आदल्या संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात तीनदा म्हणून पाहिलं. मी म्हटलं, घोकंपट्टी मुलाखतीची कर.

पहारेकऱ्याने भला माणूस म्हणून साहेबाला फोन लावला. निरोप आला की साहेब चारला तासभर येतील. थांबतील त्यांच्यातून एक नाव आजच मालकांना कळवायचं आहे. बाकावर दोघेजण आधीच बसलेले होते, दोघेही तिशीतले.

आम्ही बाहेर आलो. सणामुळे अडीचनंतर त्या गावाकडे बस नव्हती. मी त्याला सरळ सांगितलं, "थांब तू. भाऊ पुढच्या वर्षीही असेल, नोकरी नसेल."

तो बसस्थानकाच्या दिशेने चालू लागला. मग म्हणाला, "ग्रादिमिर, आईच्या वेळी मला वाटलं होतं, तासाभराने काय फरक पडतो."

मला त्याचा राग आला. बायको तिकडे डोळे फोडून शिवते आहे आणि या माणसाला भाऊ आठवतो. तसं बोललोही, बसस्थानकापर्यंत बोलत राहिलो. त्याने दोन तिकिटं काढली. एक माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "एकट्याने दारात जायची हिंमत नाही रे."

ल्युबिसावकडे बारा-पंधरा पाहुणे होते. नाताळाआधीचे उपासाचे दिवस, मांस वर्ज्य पण मासळी चालते, म्हणून मासळीचं सूप, भाजलेला घेवडा, वाइन. दार स्तामेनावहिनीने उघडलं. क्षणभर ती बघतच राहिली, मग आत जाऊन उकडलेल्या गव्हाचं तबक घेऊन आली आणि दोघांपुढे धरलं. मी चमचाभर खाल्लं. विटोमिरचा हात काही पुढे होईना. दारात हे तबक पाहुण्यासमोर धरतात आणि हा तर याच घरात जन्मला होता. शेवटी त्याने छातीवर क्रॉसची खूण केली आणि निमूट चमचा उचलला. मला फार वाईट वाटलं.

ल्युबिसाव टेबलाच्या टोकाशी उभा होता. शेवटचा पाहुणा जाईपर्यंत घरच्या पुरुषाने उभं राहून वाढायचं, बसायचं नाही, ही रीत. गावात हल्ली बरेच जण हळूच टेकतात. पण हा त्यांतला नव्हता. वसंतात त्याच्या कमरेचं ऑपरेशन झालं होतं, ते वहिनीने मला कानात सांगितलं. विटोमिरला कुणी कळवलंच नव्हतं. एका हातात वाइनचा जग, दुसऱ्या हाताने खुर्चीची पाठ घट्ट धरलेली, कपाळावर घाम.

"नोकरीसाठी आला होतास म्हणे," तो म्हणाला. झायेचारहून विटोमिरच्या बायकोने आज वहिनीला फोन केला असणार.

"हो."

"मग? मिळाली?"

"साहेब स्वतःच्या स्लावाला गेलेला."

टेबलाभोवती हसू फुटलं. ल्युबिसाव हसला नाही. "येणार नव्हता परत?"

"चारला."

सगळ्यांनी घड्याळाकडे पाहिलं. चारला पाच कमी होते. विटोमिरने पाठ केलेलं वाक्य आता म्हणायला हवं होतं. ते त्याला आठवलं नाही की नको झालं, देव जाणे.

"थांबायचं होतंस," ल्युबिसाव म्हणाला.

"बस चुकली असती, दादा."

 ल्युबिसावने हातातला जग विटोमिरपुढे धरला आणि म्हणाला, "जरा उभा राहा. माणसांचे ग्लास रिकामे आहेत."

विटोमिरने कोट काढून वहिनीकडे दिला. टेबलाला फेरी घालत तो एकेकाचा ग्लास भरत निघाला, आधी म्हाताऱ्यांचे, मग इतरांचे, बापाच्या वेळी भरत असे त्याच क्रमाने.  माझा ग्लास भरताना थोडी वाइन टेबलावरच्या चादरीवर सांडली.

ल्युबिसावने खुर्ची ओढली आणि सावकाश बसला. मग वाकून बुटांचे बंद सैल करायला लागला. दुसरा हात कमरेवर होता आणि एका हाताने त्याला ते जमत नव्हतं, पण तो बराच वेळ मान वर न करता तेच करत राहिला.