पुढून हलकी

मला एका जागी बसवत नाही. वर्गातसुद्धा मी फळ्यापासून दारापर्यंत येरझारा घालत शिकवते. माझ्यामागे पोरं मला 'पेंडुलम मॅडम' म्हणतात, तेही माझ्या कानावर आलंय. गाडीच्या चाचणीच्या दिवशी तर विचारूच नका.

माझ्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी आणि मी मिळून बांधलेली, विजेवर चालणारी आमची रेसची मोटरसायकल ट्रॅकवर होती आणि तिच्यावर माझी भाची. सकाळी ताई म्हणाली होती, "माय मरो पण मावशी जगो म्हणतात, ते या पोरीने फारच मनावर घेतलंय. तुझ्या भरवशावर पाठवतेय, धड परत आण." मी काहीतरी चेष्टा करून वेळ मारून नेली.

वर्षभर आम्ही वजनाच्या मागे हात धुऊन लागलो होतो. बॅटरी म्हणजे नुसता धोंडा. मुलांनी पत्रे कोरले, बोल्ट बदलले. परवा मोटर थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या नव्या पाइपला जागा हवी म्हणून बॅटरी चार बोटं मागे सरकवली. गाडी पुढून जड आहे, वळवताना खांदे भरून येतात, हे भाचीचं जुनं रडगाणं. त्यामुळे पहिली फेरी मारून ती आली, हेल्मेटची काच वर करून म्हणाली, "मावशी, पुढून एकदम हलकी लागतेय गं," तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं. मुलांनी टाळ्या पिटल्या. मी तिच्या पाठीवर थाप मारली.

"मग आता सोड की मोकळी!"

ती गेली. पेट्रोलच्या गाडीचा निदान आवाज येतो, पोर कुठवर पोचली ते कळतं. ही मुलखाची मुकी. मी ट्रॅकच्या कडेच्या भिंतीपाशी गेले, लॅपटॉपपाशी आले, पेनचं टोपण चावलं, पुन्हा भिंतीपाशी. कुणीतरी खुर्ची पुढे केली, त्याच्यावर उगाचच खेकसले.

"मॅडम, हे बरोबर आहे ना?" लॅपटॉपवर गाडीचे आकडे बघणाऱ्या विद्यार्थिनीने विचारलं. "वेग घेतला की पुढचे शॉकअप पार ताणले जातायत. पुढच्या चाकावर भारच दिसत नाहीये."

हलकी! बॅटरीबरोबर वजन मागे गेलं होतं, आणि पुढचं चाक रस्ता धरत नव्हतं. पोर तक्रार सांगत होती आणि मी तिला शाबासकी देऊन पिटाळलं होतं.

मी धावले. झेंडेवाल्याच्या हातातून लाल झेंडा हिसकावला आणि भिंतीवर अर्धी ओणवी होऊन वेड्यासारखा हलवत राहिले. ती समोरून गेली तेव्हा तिचं हँडल थरथरताना मला डोळ्यांनी दिसलं. पुढे वळण होतं. तिने झेंडा पाहिला की नाही, कळेना. मग लांबवर गाडीचा वेग उतरला, आणि ती कडेकडेने, हळूहळू वळण घेऊन परत आली.

तिला हातमोजा काढता येईना. मी तो ओढून काढला.

"हलकी म्हणजे काय गं म्हणत होतीस?"

"म्हणजे चाक खाली टेकलंय की नाही, तेच कळत नव्हतं. जीव नुसता मुठीत धरला होता."

"मग नीट बोलायचं नाही का, बाई?"

"बोलले की," ती म्हणाली. "तू हसलीस. मला वाटलं, तुला असंच हवं होतं. म्हणून मी आणखी जोरात पळवली."