भात की नाचणी

"तेवढंच परत वाच गो," तव्यावरची भाकरी उलटत जानकीबाईंनी भाचीला सांगितलं.

साक्षी महाडला वकिली शिकत होती. शिमग्याला ती मावशीकडे आली, तर परीक्षेचा आंतरराष्ट्रीय कायदाही तिच्या पाठोपाठ उमरठच्या डोंगरावरच्या या वाडीत येऊन बसला. तिने परत वाचलं. वसाहतीचं पुढे काय व्हायचं ते लांबच्या राज्यकर्त्यांनी नव्हे, तिथे राहणाऱ्यांनी ठरवायचं, आणि त्यांना मोकळेपणाने विचारायचं.

"मग आमाला कोन इचारतो?" मावशी म्हणाली.

दरडीच्या भीतीने सरकारने वाडीला खाली रस्त्याकडेला जागा देऊ केली होती. जायचं नाही, हे मुंबईला कामाला असलेल्या गावकऱ्यांच्या मंडळाने परळच्या खोलीत बसून ठरवूनही टाकलं होतं. मंडळी शिमग्याला आणि गणपतीला यायची, आणि त्यांना गाव जसंच्या तसं हवं असायचं. गावकीत बोलायचे पुरुष, आणि पुरुष बहुतेक मुंबईत. बारा महिने वाडीत राहणाऱ्या बायका बैठकीला चहा द्यायच्या. जानकीबाईंनी तो तीस वर्षं दिला होता.

गंमत म्हणजे वाडी सोडायची त्यांनाही नव्हती. गप्प बसल्या असत्या तरी घर जागेवर राहिलं असतं. पण त्यांना ते जमेना.

दुसऱ्या दिवशी बैठकीत चहा देऊन झाल्यावर त्या तिथेच मांडी घालून बसल्या. मंडळाचा अध्यक्ष किशोर त्यांचा सख्खा पुतण्या. तो हसून म्हणाला, "काकी, तुझ्या मनासारखंच तर केलंय."

"माज्या मनात काय हाय ते तू कदी इचारलंस? हितं ऱ्हातात त्यांना इचार."

बरीच बाचाबाची झाली. साक्षीने संयुक्त राष्ट्रांचा ठराव सांगून पाहिला, त्याला कुणी भीक घातली नाही. शेवटी बायकाच उठल्या आणि मडकं आणलं. राहायचं त्याने भाताचा दाणा टाकायचा, जायचं त्याने नाचणीचा, पदराआडून. मुंबईकरांनी नुसतं बघायचं.

भात निघाले सात, नाचणी सोळा.

जानकीबाईंचा चेहरा उतरला. शेजारची रंगूबाई त्यांचा हात धरून म्हणाली, "रागावू नको गो. पावसात नातवंडांना उराशी धरून दाराशी बसतो आम्ही. डोळ्याला डोळा लागत नाय." इतकी वर्षं शेजारी राहून हे आपल्याला ठाऊक नव्हतं, याचंच जानकीबाईंना जास्त वाईट वाटलं.

किशोर हळूच जवळ आला. मंडळाचा ठराव अजून कायम ठेवता येईल, काकीने फक्त हो म्हणावं, असं त्याचं म्हणणं.

"दानं मोजलं ना? मग झालं तर."

पालखी नाचून झाल्यावर सगळ्या जणी जागा बघायला खाली उतरल्या. जानकीबाईंनी रस्त्याकडचा कोपरा सुचवणाऱ्या तलाठ्याला उडवून लावलं आणि सगळ्यांत मागची जागा धरली. मग रस्त्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या, पायाने मातीत एक रेघ ओढली आणि साक्षीला म्हणाल्या, "दार हितं. हितनं वाडी दिसते."